तांबोळीबाई सहमत नाहीत

तांबोळीबाईंनी नवा फोन घेतला त्याला अकरा दिवस झाले होते आणि त्या फोनवरून त्यांनी अजून एकाही माणसाला फोन केला नव्हता. फोनमध्ये बिघाड नव्हता. तो सुरू केल्या केल्या पडद्यावर अटी आणि शर्ती आल्या होत्या, त्यांच्याखाली ‘मी सहमत आहे’ असं बटण होतं, आणि बाई अजून अटी वाचत होत्या. बाराव्या दिवशी सकाळी त्यांनी माझी बेल वाजवली. हातात दोनशे पानी वही.

“केळकर, कलम सतरा आणि कलम चोवीस एकमेकांना छेद देतात. हे कुणाला कळवायचं?”

“कुणालाच नाही. खाली बटण आहे, ते दाबायचं.”

“म्हणजे तुम्ही न वाचता दाबलंत?”

“सगळेच दाबतात.”

“सगळे दाबतात, हा पुरावा झाला का?” एवढं विचारून त्या समोरच्या त्यांच्या घरात निघून गेल्या. उत्तराची अपेक्षा नसावी.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर आहेत. रझिया तांबोळी मूळच्या कसबा पेठेतल्या. तीसेक वर्षं त्या कोर्टात भाषांतरकार होत्या. खरेदीखतं, मृत्युपत्रं, जबान्या मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत करायच्या. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्या एकट्याच इथे राहायला आल्या, आणि कोर्टाची भाषा सामानाबरोबर घेऊन आल्या. भाजीवाल्याला त्या सांगतात, “सदर दोडका जून आहे.” जिन्यात पुन्हा मांजर आलं की वॉचमनला हाक जाते, “अहो, उपरोक्त मांजर!” येतो सांगून न आलेला इलेक्ट्रिशियन हा ‘मजकूर इसम’ असतो.

दाताच्या दवाखान्यात त्यांच्यापुढे संमतिपत्र आलं. ‘मी स्वखुशीने दात काढून घेत आहे.’ बाईंनी सुजलेला गाल धरून ‘स्वखुशीने’ खोडलं, वर ‘नाइलाजाने’ लिहिलं, शेजारी छोटी सही केली आणि मगच तोंड उघडलं. कंपन्यांच्या मदतकेंद्राला फोन लावला, की ‘हे संभाषण ध्वनिमुद्रित केलं जात आहे’ असं ऐकू येतं ना? आपण ते सोडून देतो. बाई त्या मुद्रित आवाजाला थांबवून सांगतात, “मी रझिया अन्वर तांबोळी, वय सदुसष्ट, धंदा निवृत्त, राहणार बिबवेवाडी. माझी यास हरकत आहे. नोंद घ्यावी.” मग पलीकडून संगीत सुरू होतं. ते त्या शांतपणे ऐकतात.

आम्ही हसायचो. मी तर इमारतीतल्या पाहुण्यांना हे किस्से रंगवून सांगायचो. हे आधीच कबूल केलेलं बरं.

मग आमच्या सोसायटीच्या फाटकावर चेहरे ओळखणारं यंत्र आलं. ते आणलं अध्यक्षांनी. आमचे अध्यक्ष म्हणजे मेजर घोरपडे, फौजेतून निवृत्त, ताठ कण्याचे आणि वेळेचे पक्के. फाटकासमोर उभं राहायचं, यंत्राने ओळखलं की हिरवा दिवा, फाटक उघडणार. रहिवासी, कामवाल्या, गाड्या धुणारे, सगळ्यांचे चेहरे त्यात भरले. “फौजेत हे कधीच आलंय,” मेजर म्हणाले. “माणूस ओळख बघतो, नातं बघतो. यंत्र पक्षपात करत नाही.”

आम्ही सगळ्यांनी अर्ध्या मिनिटात सहमती दिली. तांबोळीबाईंनी यंत्राच्या अटींची चौतीस पानं छापून घेतली, तीन आठवडे वाचली आणि मेजरांना लेखी कळवलं, की त्या सहमत नाहीत. परिणामी फाटकावर एक वही ठेवावी लागली. तिच्यात ‘रझिया तांबोळी, बाहेर’ आणि ‘रझिया तांबोळी, आत’ याखेरीज काही नसायचं. साध्या कोथिंबिरीसाठी त्या दोन सह्या करायच्या. मेजर तिथून जाताना वहीकडे बघायचे आणि मिशी ओढायचे.

हे असं काही महिने चाललं. मग एका सोमवारी सकाळी संगीता आत आलीच नाही.

संगीता आमच्या इमारतीत चार घरी काम करते. माझ्याकडे, तांबोळीबाईंकडे, मेजरांकडे पोळ्या आणि आणखी एका घरी. नऊ वर्षं झाली. त्या दिवशी ती फाटकासमोर उभी राहिली आणि लाल दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली, ‘प्रवेश नाकारला. संशयित व्यक्ती.’ वॉचमनने तिला पुन्हा उभं केलं, पदर नीट घ्यायला लावला, पुन्हा लाल. वाघोलीच्या कुठल्याशा सोसायटीत चोरी झाली होती, तिथल्या कॅमेऱ्यात एक बाई दिसली होती, आणि यंत्राचं म्हणणं, ती बाई म्हणजे संगीता. कंपनी एकच, त्यामुळे तिच्या सगळ्या फाटकांना एकाच वेळी कळलं. शेजारच्या सोसायटीतली तिची दोन घरंही त्याच सकाळी बंद झाली.

“दादा, मी वाघोलीला कवा गेलेच नाय ओ,” ती फाटकाच्या गजांतून मला सांगत होती. “मला तर बस पन ठाऊक नाय तिकडची.”

“काहीतरी चूक झाली असेल, होईल नीट,” असं मी म्हणालो आणि वर आलो. वर येऊन मी कपाट उघडून पाहिलं. सगळं जागच्या जागी होतं. ते तसं असणार हे मला माहीत होतं, तरीही पाहिलं.

कपाट लावतो तोच बेल वाजली. तांबोळीबाई दारात उभ्या होत्या. हातात ती चौतीस पानं, कडेला पेन्सिलीच्या खुणा.

“कलम एकोणतीस,” त्या म्हणाल्या. “‘यंत्राने केलेली जुळणी हा केवळ अंदाज असून तिची पडताळणी करण्याची जबाबदारी ग्राहक संस्थेची राहील.’ ग्राहक संस्था म्हणजे आपण. पडताळणी कुणी केली, केळकर?”

मी कपाटाची किल्ली खिशात टाकली.

“पोलिसांत तक्रार आहे का?”

वॉचमनकडून मला कळलं होतं, की नव्हती. त्या सोसायटीने यंत्रात फक्त खूण केली होती.

“म्हणजे आरोप नाही, फिर्यादी नाही, सुनावणी नाही. थेट शिक्षा. स्कूटर काढा.”

कंपनीच्या कार्यालयात आम्हाला एक तरुण अधिकारी भेटला. अतिशय नम्र. “मॅडम, अ‍ॅक्च्युअली सिस्टीमने ब्याण्णव टक्के मॅच दाखवलाय.”

“आणि उरलेले आठ टक्के कोण आहेत? त्या बाईंना कुठे शोधायचं?”

तो हसला. बाई हसल्या नाहीत. मग तो म्हणाला, की खूण काढायची तर सोसायटीचं पत्र लागेल. पत्र द्यायचं तर अध्यक्षांची सही लागणार. अध्यक्ष म्हणाले, यंत्रावर अविश्वास दाखवायला काही कारण तर हवं. बाईंनी ते कारण एका दुपारी शोधून काढलं, तेही त्याच यंत्रात. वाघोलीची चोरी शुक्रवारी सकाळी दहा ते बारा या वेळात झाली होती. त्याच शुक्रवारी संगीता आमच्याकडे कामाला आली होती, म्हणजे आमच्या फाटकावर तिची वेळ नोंदलेली असणार.

“ती नोंद कुणालाही दाखवता येत नाही,” मेजर म्हणाले.

“कुणालाही नाही. पण जिची नोंद आहे तिने मागितली तर द्यावी लागते. कलम बारा.”

संगीता शाळेत चौथीपर्यंत गेलेली. बाईंनी तिच्यासाठी अर्ज लिहिला आणि फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून तिला वाचून दाखवला. मग पुन्हा वाचून दाखवला.

“मॅडम, द्या की, करते सही. तुमी लिवलंय म्हंजे बरोबरच असंल.”

“सही तुमची आहे, माझी नाही. तुम्हाला कळल्याशिवाय करायची नाही. यातला कुठला शब्द समजला नाही?”

संगीताने बराच विचार केला. “‘सदरहू’,” ती म्हणाली.

बाईंनी ‘सदरहू’ खोडलं. माझ्या माहितीत त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच सोडला असेल.

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा भरली. मेजर टेबलामागे बसले होते, पुढे तीसचाळीस खुर्च्या. कुणी म्हणालं, एका बाईसाठी एवढा वेळ कशाला, दुसरी मिळेल. कुणी म्हणालं, धूर असेल तिथे आग असतेच. तांबोळीबाई उभ्या राहिल्या.

“जिच्याविषयी बोलायचं ती बाहेर आणि आपण सगळे आत, अशी सुनावणी मी कधी पाहिली नाही. आधी तिला आत घ्या.”

संगीता फाटकाबाहेर उन्हात उभी होती. मेजरांनी टेबलाच्या खणातून किल्ली काढली. मग उठले, स्वतः चालत फाटकापर्यंत गेले, किल्लीने ते उघडलं आणि तिला म्हणाले, “या.” त्यांनीच तिला खुर्ची दिली. ती बसली नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

मेजरांनी फोनवर नोंद काढली आणि खणखणीत आवाजात वाचली. “शुक्रवार. संगीता, आत, नऊ चाळीस. बाहेर, एक दहा.”

“सदर स्त्री,” तांबोळीबाई म्हणाल्या, “एकाच वेळी बिबवेवाडीत आणि वाघोलीत होती, असं सदर यंत्राचं म्हणणं आहे. सभेला ते मान्य असेल तर हात वर करावेत.”

मागे कुणीतरी खुदकन हसलं, पण हात एकही वर गेला नाही. मेजर अजून उभेच होते.

“त्या शुक्रवारी माझ्याकडे पाहुणे होते,” ते सावकाश म्हणाले. “हिने वीस पोळ्या केल्या. मला हे आठवायला हवं होतं. मी आठवलंच नाही, कारण दिवा लाल होता.” त्यांनी फोन टेबलावर ठेवला. “चौकीवर आमच्याकडे रडार होतं, कॅमेरे होते. तरी पहाऱ्यावरचा संत्री प्रत्येकाला विचारायचा, थांब, कोण आहे? आणि उत्तर ऐकून घ्यायचा. इथे आठवडाभरात हिला कुणी काही विचारलंच नाही. संगीताबाई, चूक माझी आहे.”

संगीताने डोळ्यांना पदर लावला. पत्रावर तिथल्या तिथे सही झाली. शिवाय ठराव झाला, की यापुढे लाल दिवा लागला तर कुणीतरी जबाबदार माणसाने खाली यायचं, समोरच्याशी बोलायचं आणि मगच काय ते ठरवायचं. ठरावाचा मसुदा कुणी लिहिला हे सांगायला नकोच.

आठ दिवसांनी यंत्रातली खूण निघाली. शेजारच्या सोसायटीतलं एक घर संगीताला परत मिळालं. दुसऱ्या घराने तोवर वेगळी बाई ठेवली होती, ते गेलं ते गेलंच. कंपनीचं पत्र आलं, ‘झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ तांबोळीबाईंनी ते परत धाडलं. ‘गैरसोय नव्हे, बदनामी. दुरुस्त करून पाठवावे.’ कंपनीने तेच पत्र पुन्हा पाठवलं. बाईंनी पुन्हा परत धाडलं. संगीताने सांगितलं, की मॅडम जाऊ द्या आता. बाई म्हणाल्या, “तुम्ही जाऊ द्या. मी नाही देत.”

परवा दुपारी मी या प्रकरणाची, त्यांच्याकडून वाचायला आणलेली फाइल परत द्यायला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून त्यांचा आवाज येत होता. कुणी पाहुणं आलंय असं वाटून मी थबकलो. त्या कंपनीला लिहिलेलं नवं पत्र वाचत होत्या, विरामचिन्हांसकट. “आपले पत्र मिळाले पूर्णविराम सदर पत्रात स्वल्पविराम...” मी दार ढकललं. टेबलाशी त्या एकट्याच होत्या. समोर रिकामी खुर्ची होती आणि त्या खुर्चीपुढे पत्राची दुसरी प्रत नीट सरळ करून ठेवलेली होती.

मला पाहून त्यांनी चष्मा काढला.

“रुजुवात घेत होते,” मग त्या म्हणाल्या. “कोर्टात नक्कल केली की मूळ कागदाशी ताडून बघतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने नक्कलेवर बोट ठेवून ऐकायचं. ओळ बरोबर असली की ‘हं’ म्हणायचं. आमचे हे नक्कल विभागात होते. सव्वीस वर्षं मी वाचायची आणि हे ‘हं’ म्हणायचे. लग्नाच्या आधीपासून.” त्यांनी समोरची प्रत उगाच थोडी सरकवली. “जाऊन चार वर्षं झाली. आता प्रत्येक ओळ मीच वाचायची आणि मीच तपासायची. वेळ लागतो. शिवाय एकट्याने केलेली रुजुवात ग्राह्य धरत नाहीत.”

मी फाइल टेबलावर ठेवली, खुर्ची ओढली आणि बसलो. प्रतीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा लावला आणि पहिल्यापासून वाचायला सुरुवात केली.

“हं,” मी म्हणालो.

“घाई करू नका, केळकर,” त्या म्हणाल्या. “ओळ संपू द्या.”

मी बोट मागे घेतलं आणि ओळ संपेपर्यंत थांबलो.