मधमाश्यांचा जाहीर सत्कार

एका जंगलाच्या काठावर एक गाव होतं, आणि तिथे जे झालं त्याला तात्या जबाबदार होते. मुलांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर गोष्टीच्या शेवटी मोठी माणसं म्हणतात, हवामान वाईट होतं.

हवामान छान होतं.

तात्या गावातले सगळ्यांत वयस्कर. त्यांच्या मांडवावर दरवर्षी तवशी लागत. तवसं म्हणजे मोठी पावसाळी काकडी. तात्यांचं तवसं मांडीएवढं जाड आणि गोड, तसं दुसरीकडे कुठेच नव्हतं. सात पिढ्या एकच बी चालत आलं होतं. एक तवसं वेलावरच पिकू द्यायचं आणि त्याचं बी पुढच्या वर्षी पेरायचं. बी घराबाहेर कुणाला द्यायचं नाही, असा घराण्याचा नियम. या वर्षीही होतं नव्हतं ते सगळं बी तात्यांनी पेरलं.

परसात आंब्याचं जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत मधमाश्या राहत. त्या जंगलात सगळे बोलत. मधमाश्या तेवढ्या बोलत नसत, कारण त्यांना कामं असत.

त्यांची काळजी तात्यांची सून तुळसा घेई. म्हणजे खडे घातलेल्या परातीत पाणी ठेवी, आणि ढोलीपुढे उभी राहत नसे. बस्स.

"सूनबाई," एकदा तात्या म्हणाले, "या बिचाऱ्या आपल्या वेलावर राब राब राबतात. त्यांच्यासाठी आपण काय करतो?"

"वाटेत येत नाही, मामंजी."

"ही काय माणुसकी झाली?"

तात्यांचे डोळे भरून आले. तात्यांचे डोळे भरून आले की गावात समिती नेमली जाई.

समितीत अकरा वडीलधारे होते. सगळ्यांची वयं मिळून आठशेच्या वर भरत, आणि ढोलीत वाकून पाहिलेला त्यांत एकही नव्हता. ठरलं की माश्यांचा जाहीर सत्कार करायचा. अध्यक्ष म्हणून अस्वलाला बोलावलं.

"अस्वल?" तुळसा म्हणाली.

"मग? मधमाश्यांचा इतका जवळून अभ्यास आहे का दुसऱ्या कुणाचा?"

ते खरंच होतं. पंचक्रोशीतली बाकीची सगळी पोळी अस्वलाने अभ्यासून संपवली होती.

वेलाला पहिली फुलं आली त्या दिवशी सत्कार ठेवला. पावसाने उघडीप दिली होती, ऊन चटचटत होतं. आधी धूप घातला. धूर ढोलीत शिरला तशा माश्या भराभर आत गेल्या.

"लाजल्या," तात्या कौतुकाने म्हणाले.

मग नारळ ठेवला. मग शाल. माश्यांना खांदे नसल्यामुळे शाल ढोलीच्या तोंडावर पांघरली, आणि घसरू नये म्हणून चारी बाजूंनी खिळे ठोकले. शाल लोकरीची होती. तात्यांनी हात आखडता घेतला नव्हता.

मग भाषणं.

पहिल्या भाषणात ढोलीतून मोठा आवाज येत होता.

"टाळ्या वाजवतायत," अस्वल म्हणालं.

तिसऱ्या भाषणात आवाज बारीक झाला. तुळसा पुढे आली.

"मामंजी, ती शाल काढा. आत गुदमरतायत त्या."

"सत्कारमूर्तीच्या अंगावरची शाल मध्येच ओढतात का? अपमान होतो."

"अहो, जीव जाईल त्यांचा!"

"थोरामोठ्यांच्या भाषणात बोलू नये. माहेरी एवढंही नाही शिकवलं?"

तुळसाने शालीला हात घातला. दोघा वडीलधाऱ्यांनी तिला धरून घरात नेलं आणि बाहेरून कडी घातली. चौथं भाषण स्त्रीदाक्षिण्यावर झालं.

अकरावं भाषण तात्यांचं. ते सगळ्यांत लांबलं. "माश्यांनो, तुम्ही आम्हाला लेकींसारख्या," असं ते म्हणाले आणि मध्येच गहिवरले. ढोली अगदी शांत होती. इतका शांत श्रोता तात्यांना जन्मात मिळाला नव्हता.

दिवेलागणीला खिळे काढले. आधी पसाभर माश्या खाली पडल्या, मग सूपभर. एकही उडाली नाही.

अस्वलाने दोन मिनिटं मौन पाळलं. मग पोळं काढून घेतलं आणि खाता खाता श्रद्धांजलीचं भाषण केलं.

वेल पुढे महिनाभर फुलत राहिला. फुलांमागे बोटाएवढी तवशी दिसत, पिवळी पडत, गळून जात. तात्या रोज सकाळी मांडवाखाली उभे राहून वर बघत. ते वेलालाच कृतघ्न म्हणाले. शेवटी, मान खाली घालून, त्यांनी घरोघर विचारलं, "आमचं बी आहे का हो कुणाकडे?"

"तुम्ही कधी दिलंत, तात्या?" लोक म्हणाले.

सात पिढ्यांचं बी तात्यांच्या हातून संपलं.

तात्पर्य: मोठ्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यावं. त्यांचं बोलून होईपर्यंत जे जिवंत राहील, ते आपलं.