पिवळ्या चपलेतलं पोतं

ओल्या रस्त्यावर गाडी कशी चालवायची हे मालकीणबाईंना कुणी शिकवायची गरज नव्हती. साबणाच्या पावडरीचा कारखाना त्यांनी शून्यातून उभा केला होता, आणि त्या शून्यात एक टेम्पोही होता. दुकानादुकानांत पावडर पोचवत त्यांनी तो टेम्पो चिखलातून, डबक्यातून, एकदा तर भरलेल्या ओढ्यातून हाकला होता. "ओढ्यानं वाट दिली मला," असं त्या सांगायच्या. ओढ्याला विचारायला कोण जाणार?

म्हणून धाकट्या सुनेनं जेव्हा सांगितलं की रविवारी रेसच्या ट्रॅकवर तिची परीक्षा आहे, आणि हवामान खातं पाऊस सांगतंय, तेव्हा मालकीणबाई वजनकाट्यावरची पावडर झटकत म्हणाल्या, "त्यात काय मोठंसं? मी येते. काही अडलं तर मी आहेच."

सुनेचा चेहरा पडला. मुलानं पाठ फिरवून उगाचच मिक्सर चालू केला.

हे परीक्षेचं प्रकरण असं होतं. सुनेचे वडील गॅरेजवाले. त्यांनी जुन्या भंगारातून एक स्पोर्ट्स कार उभी केली आणि लग्नात लेकीला दिली. पिवळीधमक, आणि जमिनीला इतकी चिकटून की आत बसायचं म्हणजे आधी आडवं व्हायचं. मालकीणबाई तिला चप्पल म्हणायच्या. सून दर महिन्याला ती चप्पल घेऊन ट्रॅकवर जायची. तिथं हौशी लोक पैसे भरून आपापल्या गाड्या दामटतात, कुणी अडवत नाही, हवालदार शिट्टी मारत नाही. त्यांना शिकवायला तिथं शिक्षक असतात. वर्षाला एखादीच जागा निघायची, आणि ती भरायचा ट्रॅकचा मुख्य शिक्षक. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. ओल्या ट्रॅकवर हा माणूस स्वतः शेजारी बसून परीक्षा घ्यायचा. सुनेचा सगळा जीव त्या जागेत अडकला होता.

मालकीणबाईंनी घरात सरळ सांगून टाकलं होतं, "पास झालीस तर कर काय करायचं ते. नापास झालीस तर चप्पल विकायची आणि माझ्याबरोबर पॅकिंगला बसायचं. लाडू खाल्ल्यासारखी दर महिन्याला पेट्रोल खाते ती मेली."

हे घरात. बाहेर, दळणाच्या गिरणीपासून बँकेच्या रांगेपर्यंत, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की आमची सून मास्तरीण होणार आहे. आता सून नापास झाली असती तर गिरणीत तोंड दाखवायची सोय उरली नसती. म्हणजे बघा, परीक्षा एकीची आणि छातीत धडधड दोघींच्या. फक्त एकीनं ते कबूल केलं असतं.

रविवारी पाऊस असा लागला होता की जणू आभाळाचा नळ कुणीतरी उघडा ठेवून गावाला गेलंय. सून पुढं चपलेत, मागून मुलगा आणि मालकीणबाई टेम्पोत. टेम्पोत जादा टायर, जॅक, पान्यांची पेटी, दोन खराटे, आणि अगदी मागं पावडरीचं एक पोतं. पोतं विकायला नव्हतं. रिकामा टेम्पो ओल्या रस्त्यावर मागून नाचतो, म्हणून पावसात टेम्पो बाहेर काढायचा तर मागं एक पोतं टाकायचंच, असा त्या घरचा कायदा होता. टेम्पोला छत्री विसरली तरी चालेल, पोतं विसरायचं नाही.

ट्रॅकवर पोचल्यावर सुनेनं गाडी नखशिखांत तपासली. टायरची हवा पाहिली, ऑइल पाहिलं, पुढचं झाकण उघडून आतलं सगळं रिकामं केलं, अगदी पायपुसणीसुद्धा काढून मुलाच्या हातात दिली. मग मास्तर सगळ्यांना एका पत्र्याच्या खोलीत नियम सांगायला घेऊन गेला. मुलगाही गेला, कारण तिथं चहा होता.

मालकीणबाई गेल्या नाहीत. नियम पाहुण्यांसाठी असतात. त्या छत्री धरून चपलेभोवती एक फेरी मारून आल्या आणि त्यांच्या मनात आलं, एवढीशी गाडी, कागदाएवढी हलकी, ही या पाण्यात टिकणार कशी? हिच्या मागं पोतं कुठाय?

त्यांनी मागचं झाकण उघडलं. आत इंजिन.

दुसरी बाई असती तर झाकण लावून गप बसली असती. मालकीणबाईंनी विचार केला. इंजिन मागं आहे म्हणजे मागं वजन आहे. मग पुढं काय आहे? पुढं काहीच नाही! पुढची चाकं वळवायची आणि ती तर हवेत तरंगणार. पोरीच्या बापाला एवढं कळू नये? गॅरेजवाला म्हणे.

टेम्पोतलं पोतं त्यांनी कमरेवर घेतलं, आयुष्यभर घेतलं तसं, आणि चपलेच्या पुढच्या झाकणाखाली कोंबलं. झाकण लागेना. त्यांनी त्यावर हात टेकून जोर दिला, मग कोपर, आणि शेवटी इकडंतिकडं पाहून त्या झाकणावर बसल्या. टक् असा आवाज आला. झाकणाला एक फट राहिली होती, पण बोटभर फटीतून काय जाणार? आतल्या एका लोखंडी टोकानं पोत्याचा कोपरा फाडला होता, तो त्यांना दिसला नाही.

मनात म्हणाल्या, पास झाली की सांगेन.

सून डोक्याला हेल्मेट घालून आली, शेजारी मास्तर कसाबसा घडी होऊन बसला, आणि चप्पल ट्रॅकवर गेली. मागोमाग बाकीच्या गाड्या. सगळ्यात पुढं दाताच्या डॉक्टरची लाल गाडी. एका दाताच्या मुळापायी माणसाचं घर विकायला लावेल असा डॉक्टर, आणि गाडीही तशीच होती.

मालकीणबाई मुलाबरोबर कठड्याशी उभ्या राहिल्या. पहिल्या वळणावर चप्पल सुरेख वळली.

"बघ, कशी बसलीय रस्त्यावर," त्या म्हणाल्या.

"आई, तुला काय कळतं त्यातलं?"

"मला नाही कळणार तर कुणाला?"

दुसऱ्या वळणापासून चपलेमागं एक पांढरी रेघ उमटायला लागली.

"धूर आहे तो," मालकीणबाईंनी मुलाला समजावलं. "वेगाचा."

"धूर वर जातो, आई. हा खाली पसरतोय."

खाली पसरतच होता. पाऊस फटीतून आत जात होता, पोत्यातून फिरून बाहेर येत होता, आणि गाडीच्या पोटाला पाणी निचरायला जी भोकं होती त्यातून कारखान्याचा उत्तम माल ट्रॅकवर ओतला जात होता. मागून येणारी चाकं त्याला घुसळत होती. रेघेची पट्टी झाली, पट्टीची गादी झाली.

दाताचा डॉक्टर वळणावर आला आणि वळलाच नाही. लाल गाडी अगदी सावकाश, लग्नातल्या नवरीसारखी नजर खाली घालून, उलटी फिरत गवतात जाऊन बसली. तिच्यामागं एक निळी आली, ती लाल गाडीची चौकशी करायला गेल्यासारखी तिच्या शेजारी जाऊन थांबली. तिसरा ब्रेक दाबत आला आणि फेसात बुडून दिसेनासा झाला. फक्त हॉर्न ऐकू येत होता.

मग वारा फिरला आणि कठड्याशी लिंबाचा वास आला.

तो वास मालकीणबाईंनी झोपेतही ओळखला असता.

"आई," मुलगा हळूच म्हणाला, "हा आपला वास आहे."

"पावसाला असतो असा वास."

"लिंबाचा?"

उत्तर द्यायला मालकीणबाई तिथं नव्हत्याच. त्या झेंडेवाल्याकडं धावल्या होत्या. हा माणूस एका उंचवट्यावर रंगीबेरंगी झेंडे घेऊन उभा होता आणि समोरचं पांढरं दृश्य तोंड उघडं ठेवून पाहत होता.

"थांबव ती पिवळी गाडी!"

"तुम्ही कोण?"

"सासू."

"सासूसाठी झेंडा नाही आमच्याकडं."

"मग तांबडा दाखव, सासूला तोच शोभतो."

एवढ्यात चप्पल फेरी पूर्ण करून पुन्हा त्याच वळणाकडं आली. आता पुढं तिचाच फेस होता, गुडघाभर. पुढच्या काचेवरही फेस चढला होता आणि वायपर तो घोटत होते, लस्सी घुसळावी तसे. मालकीणबाईंनी कठडा धरला. आयुष्यात त्यांनी देवाकडं फार काही मागितलं नव्हतं, कारण देवालाही उधार देऊ नये अशी त्यांची पद्धत. पण त्या क्षणी त्या म्हणाल्या, "चप्पल गेली तर जाऊ दे. पोरगी राहू दे."

सुनेनं ब्रेक दाबला नाही. स्टिअरिंगला झटका दिला नाही. झोपलेल्या बाळाखालून चादर ओढून घ्यावी इतक्या हळू तिनं गाडी वळवली. मागचा भाग डावीकडं घसरला, तिनं जाऊ दिला. उजवीकडं आला, येऊ दिला. फेसातून पिवळं नाक बाहेर पडलं, मग सगळी गाडी बाहेर पडली, आणि ती सावकाश येऊन कठड्यासमोर थांबली. झेंडेवाल्यानं तेव्हा कुठं तांबडा झेंडा दाखवला.

मास्तर उतरला. वाकून फटीतून येणारा फेस पाहिला. पुढचं झाकण उघडलं. आतून फेसाचा एक लोळ त्याच्या छातीपर्यंत आला आणि त्याच्यामागून मऊ पडलेलं पोतं.

"हे काय आहे?"

सुनेनं हेल्मेट काढलं. लिंबाचा वास तिच्यापर्यंत पोचला. तिनं एकदा, फक्त एकदाच, सासूकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली.

"गाडी माझी आहे," ती म्हणाली. "तपासायची जबाबदारी माझी."

"सकाळी मी काय सांगितलं? गाडीत एक टाचणीसुद्धा राहता कामा नये. जो स्वतःची गाडी तपासत नाही तो दुसऱ्याला काय शिकवणार? तुम्ही घरी जा."

सुनेनं मान हलवली. डोळे भरले होते, पण पाऊस असल्यामुळं ते तिच्यापुरतंच राहिलं.

खरं तर मालकीणबाई सुटल्या होत्या. कुणाला काही कळलं नव्हतं. चप्पल विकायची, सून पॅकिंगला, गिरणीत सांगायचं की मास्तरच लबाड होता. पण त्यांची नजर सुनेकडं गेली. पोरीला कळलंय, आणि पोरगी बोलली नाही. कबूल करायला त्यांनी तोंड उघडलं, पण सवय नसलेलं तोंड, त्यातून नुसती वाफ आली. त्यांनी ते मिटलं.

तेवढ्यात मास्तरनं चिमटीत फेस धरला, चोळला, आणि नाक मुरडलं. "आणि पावडर तरी कसली. फुटपाथवरची. नुसता फेस, दम काही नाही."

"कुणाची पावडर फुटपाथवरची?"

आवाज इतका मोठा होता की गवतातल्या डॉक्टरनं काच खाली केली.

मालकीणबाई छत्री टाकून पुढं आल्या. "दम नाही म्हणतोस? आण तो हात इकडं." मास्तरच्या बाहीवर ऑइलचा जुनाट काळा डाग होता. त्यांनी पोत्यातली मूठभर पावडर घेतली आणि बाही अशी चोळली की आतला मास्तरही हलला. पावसानं ती धुतली. डाग गेला होता. "बघ. बायकोला जाऊन दाखव. माझी पावडर आहे ही, आणि पोतंही मीच ठेवलंय. आमच्या टेम्पोत ठेवतो तसं. गाडी हलकी आहे, घसरेल, म्हणून."

मास्तर बाहीकडं पाहत होता. "सुनेला माहीत होतं?"

"तिला सांगितलं असतं तर तिनं ठेवू दिलं असतं का? तिला अक्कल आहे."

मुलानं चमकून आईकडं पाहिलं. सून तर रडायचंच विसरली. घरात आल्यापासून तिच्याबद्दल असलं वाक्य त्या तोंडातून कधी निघालं नव्हतं, आणि आता निघालं ते सगळ्या ट्रॅकसमोर.

मास्तरनं पांढऱ्या वळणाकडं पाहिलं, गवतात बसलेल्या गाड्यांकडं पाहिलं. "मी शिकाऊ लोकांसाठी ट्रॅकवर मुद्दाम पाणी सोडतो," तो म्हणाला. "असलं काही सोडायची माझी छाती झाली नसती. आणि हिनं मला यातून सगळ्या दातांसकट परत आणलं." मग सुनेकडं वळून म्हणाला, "उद्यापासून या. पण आधी हा ट्रॅक मोकळा करा. कसा करायचा ते तुम्ही ठरवा, शिक्षक तुम्ही आहात."

सुनेनं नाक पुसलं. टेम्पोतून दोन खराटे काढले आणि एक सासूपुढं धरला.

"आई, त्या वळणापासून सुरू करा."

"मी?"

"तुम्ही. आणि कडेकडेनं या, मध्ये घसराल."

मालकीणबाईंनी मुलाकडं पाहिलं. मुलगा आभाळाकडं पाहत होता. त्यांनी खराटा घेतला. कारखाना उभा राहिल्यापासून त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं, त्यामुळं ते नाकारायचं कसं हेच आठवेना.

त्या झाडत गेल्या. पाऊस पडत होता, खराटा फेस ढवळत होता, आणि जितकं झाडावं तितका फेस फुगत होता. लाल गाडीशी पोचल्या तेव्हा तो दारापर्यंत आला होता. डॉक्टरनं काचेतून डोकं बाहेर काढलं.

"बाई, हा पाण्यानं जातो ना?"

"म्हणजे काय! एका पाण्यात निघतो. पाकिटावर छापलंय."

डॉक्टरनं वर पाहिलं. मालकीणबाईंनीही पाहिलं. आभाळ कोसळत होतं.

"जाईल," त्या म्हणाल्या. "पाऊस तेवढा थांबू दे."