गळतीकाका समुद्राखाली

टीव्हीवर मासे दिसत होते आणि काकू चॅनल न बदलता बघत बसल्या होत्या. एवढ्यावरून काकांनी समुद्रात उडी मारायचं ठरवलं. (पोहायला येत नव्हतं, पण अशा किरकोळ गोष्टींनी काका अडत नसत.)

काका पाणीपुरवठा खात्याच्या गळती विभागात होते, म्हणून अख्ख्या गल्लीचे गळतीकाका. कुठेही पाणी झिरपताना दिसलं की आधी व्हॉल्व्ह बंद करायचा, विचार मागाहून, हा त्यांचा खाक्या. साहेबांच्या बंगल्यावरचं कारंजं त्यांनी दोनदा बंद केलं होतं. बाहेरच्या गळतीवर अशी नजर, पण घरातलं बोलणं कधी आटलं याचा मात्र त्यांना पत्ता लागला नाही. मुलगी सासरी गेली आणि काकू गप्प झाल्या. भांडण नाही, तंटा नाही. "वाढलंय", "किल्ली घेतलीत?" एवढ्यावर दिवस निघायचा. मग एक दिवस पोळी वाढता वाढता त्या म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात ताईकडे जाते. राहायलाच."

काका "बरं" म्हणाले. (तीस वर्षांच्या संसाराला माणसानं "बरं" म्हणावं!) मग ती पोळी ताटात तशीच राहिली.

म्हणून टीव्हीतले मासे काकूंना खरेखुरे दाखवायचा हा बेत, आणि म्हणून हे बेट. बेट इतकं लांब की होडीवाल्यालाही वाटेत दोनदा झोप लागली. तिथे रस्ता नव्हता, दुकान नव्हतं, माणसांनी घाण करायला अजून सुरुवात केलेली नव्हती. चार लाकडी खोल्या, आकाश भरून आलेलं, आणि त्यांतल्या एका खोलीत दोघं दोन भिंतींकडे तोंड करून बसलेली. असं गप्प बसायला घर काय वाईट होतं, असं काकांना वाटून गेलं.

सकाळी डायव्हिंग शिकवणाऱ्या मुलीनं दोघांच्या डोळ्यांवर काचेचे मुखवटे आणि पाठीवर हवेच्या टाक्या चढवल्या. "श्वास अजिबात रोखायचा नाही. आणि काका, काकू, खाली बोलता येत नाही हं!"

"त्याची आम्हाला सवय आहे," काकू म्हणाल्या.

मुलगी हसली. काका हसले नाहीत.

खाली गेल्यावर मात्र काकांची भीतीच पळाली. जांभळी पोवळी, पिवळे मासे, सगळं हलतंय आणि आवाज कसला नाही. काकूंनी एका माशापुढे बोट धरलं, मासा बोटाजवळ येऊन थांबला, आणि काचेमागे काकूंचे डोळे चक्क हसले. किती दिवसांनी! काकांना इतकं भरून आलं की मुखवट्यात पाणी आलं. ते कुठून आलं हे पाहायला त्यांनी मान वळवली आणि पाहतात तो काय!

काकूंच्या तोंडापाशी भसाभसा बुडबुडे निघत होते.

गळती! आणि काकूंच्या मानेमागे, टाकीच्या माथ्यावर, एक गोल काळी चावी. व्हॉल्व्ह. शिकवणारी मुलगी पुढे पोवळी दाखवत होती, तिला सांगायला वेळ नव्हता. काका झेपावले आणि चावी गच्च पिळली. दोन श्वासांत बुडबुडे थांबले. काकांनी समाधानानं मान डोलावली. तेवढ्यात काकू गर्रकन वळल्या. असे डोळे काकांनी मुलीच्या पाठवणीलासुद्धा पाहिले नव्हते.

पुढचं त्या शिकवणाऱ्या मुलीनं निस्तरलं. ती बाणासारखी आली, चावी उघडली आणि दोघांना कॉलर धरून वर काढलं.

"अहो काका, ते बुडबुडे म्हणजे त्यांचा श्वास होता! तुमच्याही तोंडातून येत होते की!"

"माझे मला दिसले नाहीत," काका पुटपुटले. आपण बायकोला वाचवायला गेलो आणि मारूनच टाकत होतो, हे त्यांना आता कुठे कळत होतं.

होडीत काकू टॉवेल गुंडाळून बसल्या. काकांना वाटलं, संपलं सगळं. आणि मग काकूंनी तोंड उघडलं.

"मोरीतला नळ तीन वर्षं गळतोय! सांगून सांगून जीभ झिजली, तिकडे ढुंकून पाहिलं नाहीत. आणि माझा श्वास तेवढा तक्रारीशिवाय बंद केलात?"

"अगं, मला वाटलं—"

"गप्प बसा! श्वास कोंडला तेव्हा कळलं मला, किती बोलायचं राहिलंय ते!"

मग त्या किनारा येईपर्यंत बोलत होत्या. मुलीचं लग्न, रिकामं घर, काकांचं ते "बरं", सगळं निघालं. रडल्या, पुन्हा बोलल्या. होडीवाला या खेपेला झोपला नाही. काका मान खाली घालून ऐकत होते आणि मनातून त्यांना इतकं बरं वाटत होतं की लाज वाटावी.

वाळूवर उतरताना त्यांनी धीर केला. "मग... ताईकडे जायचं?"

"नाही जात."

काकांचा चेहरा उजळला.

"तिलाच बोलावून घेते. कायमची. तुमच्याबरोबर एकटीनं राहायची माझी छाती नाही."