भिकाजीच्या गाडीचा डावा डोळा

भिकाजीच्या गाडीचा डावा दिवा तिसऱ्यांदा गेला, तेव्हा नुकतीच संध्याकाळ झाली होती आणि तो खारदांड्याच्या आपल्या गल्लीत गाडी लावत होता. समोरच्या भिंतीवर रोज उजेडाची दोन वर्तुळं पडत. आज एकच पडलं. भिकाजी स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून त्या एकट्या वर्तुळाकडे बघत राहिला.

"उतरताय का तिथंच झोपताय?" सगुणाने दारातून विचारलं.

"गेला गं."

"कोण गेला?"

"डावा."

"अगोबाई! परत?"

दोन वर्षांपूर्वी भिकाजीच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि होडी विकावी लागली. आलेल्या पैशांतून ही निळी गाडी घेतली. निळी का, तर होडी निळी होती. गाडीवर त्याचा जीव होता, पण होडी विकल्यापासून माणूस जरा हरवल्यासारखाच झाला होता. जेवताना घास हातात धरून तो खिडकीबाहेर दर्याकडे बघत बसे आणि सगुणा आमटी दोनदा गरम करी.

दुसऱ्या दिवशी तो अंधेरीला सर्व्हिस सेंटरमध्ये गेला. तिथे प्रांजल नावाची मुलगी गिऱ्हाइकांच्या तक्रारी बघत असे. आता ती भिकाजीला चेहऱ्याने ओळखू लागली होती, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं.

"काका, पहिला दिवा आम्ही फुकट बदलला. दुसराही बदलला. पण हे बघा." तिने काढलेला दिवा टेबलावर ठेवला. वायरीच्या जोडावर पांढरं मीठ फुललं होतं. "आत खारं पाणी गेलंय. बाहेरून पाणी मारलं असेल तर वॉरंटीत बसत नाही. चोवीस हजार भरावे लागतील."

"चोवीस? अगं, त्यात जाळं येईल नवं!"

"एलईडी आहे ना काका. अख्खा सेटच बदलावा लागतो."

"आणि पाणी मारेल कोण? मी तर गाडी फडक्याने पुसतो. उजवा दिवा बघ, कसा टकाटक हाय."

"तेच तर! उजव्याला काही होत नाही, डावाच कसा जातो? शनिवारपर्यंत पुरावा आणा. तुमचा दोष नसेल तर मी स्वतः वर भांडते."

भिकाजी घरी आला आणि गाडीसमोर उकिडवा बसून विचार करू लागला. गाडीचा उजवा गाल त्याच्या घराच्या भिंतीला अगदी चिकटलेला असे. डावा गाल गल्लीकडे मोकळा. गल्लीपलीकडे जॉनचं घर, आणि जॉनच्या भिंतीतून वॉशिंग मशीनचा पाइप नेमका गाडीकडे तोंड करून बाहेर आलेला.

"जॉन, तुझा पाइप माझी गाडी आंधळी करतोय."

जॉन बनियनवरच बाहेर आला. "भिकू, चाळीस वर्षांचे शेजारी आपण, आणि माझ्या पाइपवर आळ घेतोस? अरे, मीठ घालून कपडे धुतो काय मी? लोणचं घालायचंय काय शर्टांचं?"

"मग खारं पाणी येतं कुठून?"

"थांब, दाखवतोच तुला." जॉनने त्याच दिवशी खिडकीला कॅमेरा लावला, थेट गाडीवर रोखून. "माझा पाइप निर्दोष सुटला, तर माझ्या बायकोसमोर माफी मागायची. मोठ्याने."

"मागतो. दोनदा मागतो!"

मनावरचं ओझं उतरलं आणि भिकाजीला गाढ झोप लागली. पहाटे त्याला नेहमीचं स्वप्न पडलं. हल्ली ते रोजच पडत असे. दर्या दुधासारखा निवांत पसरलेला, वाळूवर होडी उभी, आणि तो तांब्याने होडीचं तोंड धुतोय. तोंड धुतल्याशिवाय होडी पाण्यात न्यायची नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. चाळीस वर्षांत ती त्याने एकदाही चुकवली नव्हती. पाणी होडीवरून ओघळत होतं, वर एक चांदणी विझायची राहिली होती, आणि स्वप्नातला भिकाजी मंद हसत होता.

सकाळी जॉन मोबाइल घेऊन आला. त्याचा चेहरा विजयी नव्हता, जरा घाबरलेलाच होता.

"भिकू, बस आधी. वहिनी, तुम्हीपण बघा."

पडद्यावर पहाटेचा करडा उजेड होता. दार उघडलं. लुंगीतला एक माणूस तांब्या घेऊन दर्याकडे गेला, भरल्या तांब्याने परत आला. गाडीपुढे वाकून त्याने तिच्या डाव्या गालावर पाण्याची धार धरली, हाताने नीट चोळलं, पुन्हा धार धरली. उजव्या बाजूला भिंत आडवी आली, म्हणून त्या गालाला लांबूनच नमस्कार केला आणि मंद हसत घरात निघून गेला. त्याचे डोळे मिटलेले होते.

"हा तर मीच हाय," भिकाजी पुटपुटला.

"मना ठावं होतं," सगुणा म्हणाली.

"ठावं होतं? मग उठवलं का नाय?"

"उठवलं असतं तर हातातनं होडी गेली असती तुमच्या." तिने पदराने उगाच ओटा पुसला. "परत येऊन किती छान झोपायचात. दिव्याचं त्यानंच होतंय, हे मना काय कळणार?"

जॉन खाकरला. "हे बघ, मी पुसून टाकतो. कॅमेरा बंद होता म्हणून सांग. चोवीस हजारांचा प्रश्न आहे यार."

चोवीस हजार घरात नव्हते, आणि एका डोळ्याची गाडी रात्री बाहेर काढायची सोय नव्हती. "नाय रे," भिकाजी म्हणाला. "ती पोर माझ्यासाठी वर भांडणार हाय. तिला खोटं भांडायला लावू?"

आधी त्याने जॉनच्या बायकोसमोर मोठ्याने माफी मागितली. मग ती चित्रफीत घेऊन अंधेरी गाठली.

प्रांजलने ती चित्रफीत तीनदा पाहिली. तिसऱ्यांदा तिने हळूच नाक पुसलं. "काका, हे वॉरंटीत नाही बसत हो. पण सवलतीचा एक फॉर्म असतो, तो पाठवून बघू." ती लिहू लागली. "नुकसानीस कारणीभूत कोण? तुमचं नाव लिहू?"

"मी तर झोपलेलो."

"तेही खरंच." तिने पेन क्षणभर ओठांवर टेकवलं आणि लिहिलं, 'समुद्र'.

आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. प्रांजलने ते फोनवर वाचून दाखवलं. "ग्राहकाचा प्रामाणिकपणा लक्षात घेऊन कंपनी निम्मा खर्च सोसेल. उरलेला निम्मा ग्राहकाने कारणीभूत असलेल्या पक्षाकडून परस्पर वसूल करावा." ती ओशाळून हसली. "काका, हे छापील वाक्य असतं. तुम्ही मनावर घेऊ नका हां."

भिकाजीने मात्र ते मनावर घेतलं. घरात होते नव्हते ते बारा हजार भरून त्याने दिवा बसवून घेतला.

दुसऱ्याच पहाटे, टक्क जागा असताना, तो सगुणाच्या भावाकडे गेला. "प्रीतम, तुझ्या होडीत एक माणूस घेशील? जाळं ओढायला नाय जमणार, गुडघे हायेत. गळ टाकीन बसून."

"दाजी, कशाला ताप करून घेता?"

"दर्याकडून बारा हजार यायचे हायेत."

त्या दिवसापासून तो रोज पहाटे जाऊ लागला. तोंड आता खऱ्या होडीचं धुतलं जाई, आणि गाडीचे दोन्ही डोळे गल्लीत कोरडे राहत. आणलेली मासळी सगुणा विकी आणि पैसे वेगळ्या डब्यात टाकी. दीड महिन्यात बारा हजार पुरे झाले. तिने ते दोनदा मोजले, पण नवऱ्याला काही सांगितलं नाही.

एक दिवस भिकाजीनेच विचारलं, "वसूल झाले का गं?"

सगुणाने डब्याचं झाकण घट्ट लावलं. "छे! कसला चिकट तो दर्या," ती म्हणाली. "अजून लय दिवस जावं लागेल तुमाला."