चौकट खाली हाय

आमचे बिराजदार सर मोकळ्या रानात चालता चालता मधेच वाकतात. समोर फांदी नसते, तार नसते, काहीच नसतं. बाभळीची झुडपं, दगडगोटे आणि वर आभाळ. सर तिथं चपला काढतात, कंबरेत वाकून एक पाऊल पलीकडं टाकतात आणि मागच्यांना बजावतात, "डोकं सांभाळा, चौकट खाली हाय." मागची सगळी मंडळीही गपगुमान चपला काढून वाकतात. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आवरेना. तेवढ्यात सर माझ्याकडं वळून म्हणाले, "मॅडम, भिंतीतनं कुठं येताय? दारातनं या." मी मुकाट्यानं मागं गेले आणि दारातून आले.

आता त्या दाराचं सांगते. लोहारा तालुक्यात सास्तूरच्या अलीकडं सरांचं गाव होतं. भूकंपात ते पडलं. मग थोड्या अंतरावर नवं गाव बांधून मिळालं, सरळ रेषेतलं, रुंद रस्त्यांचं. जुन्या गावठाणातले कामाचे दगड लोकांनी नेले, उरलेल्यावर बाभळी माजल्या. पण सरांच्या मते गाव जिथल्या तिथं आहे, फक्त दिसत नाही. आणि दिसत नाही म्हणून कुणाच्याही घरात कुठूनही घुसावं, हे त्यांना मंजूर नाही.

सरांना तसं बरंच काही मंजूर नसतं. "आपल्याला मंजूर न्हाय" हे त्यांचं पालुपद. मी धाराशिवच्या आमच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे आणि सर इतिहासाचे प्राध्यापक, त्यामुळं हे वाक्य मी नोकरीला लागल्यापासून ऐकते आहे. डॉक्टर म्हणाले, गुडघा झिजलाय. सर म्हणाले, मंजूर न्हाय, आणि जिना चढून दाखवला. उतरताना मात्र शिपायाच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. कँटीनच्या चहात साखर कमी पडली तरी तेच. चांगले उंचपुरे आहेत, एसटीत उभे राहिले की डोकं छताला टेकतं, तेव्हा कंडक्टरला म्हणतात, "छत लई खाली घेतलंय, मंजूर न्हाय."

दोन वर्षांपूर्वी कॉलेजनं इतिहास विभाग बंद केला. मुलंच येईनात, त्याला कोण काय करणार? प्राचार्यांनी समजुतीनं सांगितलं, सर, निवृत्तीपर्यंत तुम्ही परीक्षा विभाग बघा. सर सायंकाळी स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले, 'इतिहास विभाग' ही पत्र्याची पाटी दारावरून काढली आणि काखेत मारून घरी गेले. दुसऱ्या दिवशी ती त्यांच्या घराच्या फाटकावर होती. "विभाग बंद झाला न्हाय, जागा बदलली," सर म्हणाले. आता आमच्या भागातले रिक्षावाले पत्ता सांगताना 'इतिहास विभागाच्या पुढं दुसरं घर' असं सांगतात.

मला मात्र त्यांची काळजी वाटायची. एकटा माणूस, लग्न केलेलं नाही, शिकवणं हाच काय तो संसार, आणि तोही गेलेला. मग मी वाचनालयातल्या कॉम्प्युटरवर शोधाशोध सुरू केली. आणि काय सांगू, या क्षेत्रात भलतीच धामधूम चालली आहे! इतिहास, भाषा, लोककला हे सगळं म्हणे वर्गातून लोकांत न्यायचं. त्यासाठी फेलोशिप, हेरिटेज वॉक, पॉडकास्ट, आठवणींचं डिजिटल संग्रहालय, नाना तऱ्हा. मी उत्साहानं छापून छापून सरांपुढं ठेवायचे. सर चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे.

"हितं वयाची अट हाय. मंजूर न्हाय."

"ही दुसरी बघा, हिला वयाची अट नाही."

"हे म्हणतेत, समुदायाला आवाज द्या." सरांनी कागद खाली ठेवला. "आमच्या गावातल्या बायांचा आवाज ऐकलाय का ह्यांनी? तीन शेतं वलांडून जातोय. द्यायचा काय त्यात?"

तरीही एका पुण्याच्या संस्थेला मीच परस्पर कळवलं. त्यांनी एक मुलगी पाठवली, हुशार, गोड, पाठीवर मोठी सॅक. सर गाव दाखवायला निघाले तशी ती मोबाईल समोर धरून चित्रीकरण करत मागं मागं सरकत गेली.

"ताई," सर एकदम थांबून म्हणाले, "तुमी पाटलांच्या न्हाणीत उभ्या हायत."

ती पोर चटका बसल्यागत बाहेर उडी मारून आली. "सॉरी सर! कुणी होतं का आत?" तिच्या तोंडून निघून गेलं. सर इतके खूश झाले की परतीच्या वाटेवर तिला स्वतः उसाचा रस पाजला. फेलोशिपचं मात्र फिसकटलं. संस्थेला गाव दाखवायचा हा फेरा तासाभरात संपणारा आणि कुठल्याही गावात करता येईल असा हवा होता. ते तर सरांना मंजूर होणं शक्यच नव्हतं.

पण फेरा चालू राहिला. दर रविवारी लोहाऱ्याची एसटी धरून सर जायचे, पुष्कळदा मीही. आधी चार म्हातारी माणसं यायची आणि भांडायची. हा उंबरा तुमचा नव्हे आमचा, गोठा डावीकडं होता का उजवीकडं. सर मधे उभे राहून दोघांनाही बोलू द्यायचे. मग सुना यायला लागल्या. ज्या घरात त्या कधी नांदल्याच नाहीत, तिथली चूल कुठं होती हे सासवा त्यांना हातवारे करून दाखवायच्या. शेवंतामावशी यात सर्वांत पुढं. मावशी म्हणजे सरपंचांच्या आई, तोंडानं फटकळ, आणि सरांना 'मल्लू' म्हणणारी जगातली एकमेव व्यक्ती.

एक गोष्ट मला खटकायची. मारुतीच्या पाराशी आलं की सर शक्यतो डावीकडं वळायचे. उजवीकडं मावशींचं घर होतं, तिथंवर जायचे, पण त्याच्या पुढं कधी नाही. मी एकदा विचारलं, पलीकडं काय आहे? "तिकडं बघन्यासारखं काय न्हाय," सर म्हणाले. लोकांचे उकिरडेसुद्धा कौतुकानं दाखवणारा हा माणूस. मी मावशींकडं बघितलं, तर त्या पदर नीट करत होत्या.

आणि मग या उन्हाळ्यात ग्रामसभेत विषय आला. जुनं गावठाण सपाट करून तिथं बगीचा करायचा. पेव्हर ब्लॉक, व्यायामाची यंत्रं, सेल्फी पॉइंट. आम्ही दोघंही मागं बसलो होतो. सर उठून उभे राहिले.

"आपल्याला मंजूर न्हाय."

सरपंच तसे भले गृहस्थ. पण त्या दिवशी चिडले. "सर, तुमचा मान हाय, पण तुमचं हितं हाय काय? मतदान धाराशिवला, घर धाराशिवला. नव्या गावात जागा मिळत व्हती ती बी तुमी घेतली न्हाय. मग कशाच्या जोरावर मंजूर न्हाय म्हनताय?"

सर काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत होते. ते खाली बसले. परतीच्या एसटीत म्हणाले, "बरोबर बोलला पोरगा." मला त्या सरपंचाचा इतका राग आला, आणि त्याहून जास्त सरांचा. नको तिथं मंजूर म्हणायची ही काय वेळ होती?

पण सर गप्प बसणारे नव्हतेच. जेसीबी ज्या दिवशी येणार होता, त्या दिवशी पहिल्या गाडीला ते चटई, उशी आणि पाण्याची बाटली घेऊन हजर. "आडवं पडायचं मशीनपुढं," सर म्हणाले. उशी कशाला, तर म्हणे मानेचं दुखणं आहे. मी कपाळावर हात मारला आणि त्यांच्याबरोबर गाडीत बसले, कारण एकटं सोडवेना.

फाट्यावर उतरून गावठाणाच्या कडेला पोचलो आणि दोघंही जागच्या जागी थांबलो. सगळ्या रानात सडा पडला होता. बाभळी हटवून, खडे वेचून, जिथं जिथं दार होतं तिथं तिथं बायकांनी शेणाचा सडा घालून रांगोळी काढली होती. आणि प्रत्येक रांगोळीच्या आत, ज्याच्या त्याच्या घरात, माणसं बसली होती. कुणी लसूण सोलत होतं, कुणी तंबाखू मळत होतं. सकाळच्या वेळी गाव असतं तसं गाव होतं.

जेसीबी येऊन उभा होता. ड्रायव्हर शेजारच्याच गावचा. त्यानं मशीन बंद केलं आणि विचारलं, "सरपंच, आत कुठनं घालू? सगळीकडं घरं हायती."

सरपंच तरातरा आईकडं निघाले. "आये, ऊठ. काय तमाशा लावलाय?"

"चपला!" मावशी आतून ओरडल्या.

सरपंच थबकले. इकडं तिकडं बघितलं. सगळं गाव बघत होतं. त्यांनी चपला काढल्या, रांगोळी चुकवली, आणि आईपाशी जाताना, देवाशप्पथ सांगते, ते वाकले. लहानपणी त्याच दारात टेंगूळ आलेलं असणार. आत जाऊन ते आईशेजारी मांडी घालून बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. ऊन चढल्यावर जेसीबी आला तसा परत गेला. बगीचा आता डांबरी रस्त्याकडच्या पडीक जागेत करायचं चाललंय. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही, पण त्या दिवशी आम्ही जिंकलो.

चटई आणि उशी सरांच्या काखेत तशीच राहिली होती. ते पाराशी उभे होते, कुठं बसावं हे न कळल्यासारखे. मावशी उठून त्यांच्याजवळ आल्या.

"मल्लू, हितं का हुबा ऱ्हायलास? तुझ्या दारात बी सडा घातलाय म्या."

उजवीकडं, मावशींच्या घरापलीकडं, जिथं बघण्यासारखं काही नव्हतं, तिथं एक रांगोळी होती. सगळ्यांत मोठी. मावशींनीच मग मला हळूच सांगितलं. भूकंपात सरांची आई आणि धाकटी बहीण त्या घरातच दगावल्या. नवी नोकरी लागली होती म्हणून सर तेवढे धाराशिवला होते. तेव्हापासून तिकडं त्यांनी पाऊल टाकलेलं नाही.

सर सावकाश चालत गेले. मीही मागं गेले, मावशींनीच मला पुढं ढकललं. रांगोळीपाशी सरांनी चपला काढल्या आणि बाजूला नीट जोडून ठेवल्या. मीही काढल्या, आणि इतक्या रविवारांच्या सवयीनं वाकले.

"वाकू नका मॅडम," सर म्हणाले. "हितली चौकट उंच हाय. मी वाढाया लागलो, सारखं डोकं आपटायचं. आईला मंजूर न्हवतं. तिनं भिंत फोडून चौकट वर घेतली."

आणि सर ताठ मानेनं आत गेले.