मधल्या ओळीच्या मौनाची हकीकत

श्रीतंतुवासिनी प्रसन्न, बोटांस बळ असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरी गिटारच्या राज्यी मोठा शोक वर्तला, तो ऐका गड्यांनो, मध्ये बोलू नका. राज्याचे धनी इनास मास्तर. त्यांच्या हातांस कंप जडला आणि वाजवणे सरले, आणि आयुष्यात बांधलेली एकच चीज, ती कागदावर चढलीच नव्हती, मास्तर गेले की तीही जाणार. मग त्यांची शिष्या इरावतीबाई हिने चिटणिशी पत्करली आणि सूर लिहिण्याचे सॉफ्टवेअर घातलेला लॅपटॉप घेऊन दाखल जाहली; मास्तर गुणगुणून सांगत, ती उतरून घेई. चिजेत तीन सूर एकदम चालत, वर गाणे, खाली खर्ज, आणि मधली ओळ मास्तरांचे कुटुंब फिलूबाई रांधता रांधता गुणगुणे ती. फिलूबाई देवाघरी गेल्या, म्हणून अर्ध्यापासून पुढे मधली ओळ गप्प.

इरावतीने आधी सगळे सूर एकाच ओळीत कोंबले, तर लॅपटॉपाने खर्ज वाजवला न वाजवला आणि तोडला. मास्तर म्हणाले, "माझ्या खर्जाचा गळा कुणी दाबला गं?" मग तिने तिघांचे तीन सुभे केले, गाण्याच्या सुरचिन्हांच्या दांड्या वर, खर्जाच्या खाली, मधलीस मिळेल तिथे जागा. आता सॉफ्टवेअरचा कायदा असा, की गप्प सुराच्या नावेही मौनाचे चिन्ह पडावे. मग पुढल्या अर्ध्यात चिन्हांची ही गर्दी जाहली, आणि इरावतीस पान गचाळ दिसले, आणि तिने ती सारी लपविली आणि हौसेने छापून पुढे ठेविले.

मास्तर कापऱ्या बोटाने वाचीत गेले आणि थांबले. "ही इथनं कुठं गेली?" "सर, तिथं तिला सूरच नाहीत. वाजवताना काही फरक नाही पडत." "सूर नसू देत. ती बसलीये ना तिथं, ऐकतीये. तू तिला घराबाहेर काढलंस." "पान फार भरलं होतं, सर." "भरू दे की. आमचं घर तरी कुठं मोठं होतं." मग इरावतीने चिन्हे परत दाखविली, आणि मास्तर एकेकापाशी टेकत टेकत शेवटास आले आणि वदले, "शेवटल्या ओळीतला खर्ज काढ." "मग तिथं काय ठेवू?" "मौन. लपवू मात्र नको. गाणं तेवढं वाजू दे, ते तुझं." इरावतीने कळ दाबून खर्ज पुसला आणि मौनाचे चिन्ह ठेविले.

मास्तर दिवाळीआधी गेले. चीज राहिली. इरावती वाजवते तेव्हा शेवटास एकच सूर बोलतो, आणि दोघांपुरती जागा ठेवून बोलतो. इतुका मजकूर, घडला तैसा सांगितला.