माता आली भैय्याजींना

"पन्नाशीत म्हातारा दिसते तो माणूस आळशी!" असं भैय्याजी गिऱ्हाइकांना ऐकवायचे. जाम गावच्या चौकात त्यांचं कापडाचं दुकान. स्वतःचं वय पन्नाशीचंच, पण डोळ्यांखालच्या पिशव्या मात्र केव्हाच सत्तरीला पोचलेल्या. मागे त्यांच्या लेकीला, मयुरीला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "आजोबा, पोरीचे बाबा घरी हायेत ना?" ते स्थळ हुकलं. ते या पिशव्यांनीच घालवलं, असं भैय्याजींचं ठाम मत!

आता रविवारी रोहणा गावचे पाहुणे यायचे होते. मुलगा मास्तर. फोटो पाहूनच मयुरी लाजली होती. हे स्थळ हातचं जाऊन चालणार नव्हतं.

त्याच सुमारास नागपुरात डोळ्यांखालच्या पिशव्या आणि कपाळावरच्या सुरकुत्या घालवणारं प्लाझ्माचं यंत्र आल्याची जाहिरात त्यांनी पेपरात वाचली. "माल आणाले जातो," असं घरी सांगून ते थेट दवाखान्यात! यंत्र पेनाएवढं. टोक कातडीला टेकायचं नाही, मधल्या हवेत बारीक निळी ठिणगी उडायची आणि तेवढी कातडी आक्रसायची. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "कातडी आक्रसते, पण सूज येईल, तपकिरी ठिपके पडतील. खपल्या आठवडाभर राहतील, खरवडायच्या नाहीत." कापड धुतल्यावर आक्रसतं हे गिऱ्हाइकाला कधीच न सांगणाऱ्या भैय्याजींनी यातलं 'आक्रसते' एवढंच मनावर घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आरशात पाहिलं तर गालापासून कपाळापर्यंत ठिपकेच ठिपके! सुजेनं वय आणखी पुढे सरकलेलं. एवढ्यात सुलोचनाबाई चहा घेऊन आल्या.

"अगं माय! तुमाले तं माता आली!"

आपल्याकडे कांजिण्या म्हणजे देवीच अंगावर आलेली. खरं सांगावं तर चोरी उघडी पडते, म्हणून भैय्याजींनी कण्हून दाखवलं. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या लागल्या. स्वयंपाकघरातली फोडणी बंद झाली. बिनफोडणीचं वरण खाऊन भैय्याजी पांढऱ्या चादरीखाली पडले.

माता आली की माणूस माणूस राहत नाही, देवी होतो. शेजारच्या अनुसयाबाई दहीभात घेऊन आल्या आणि त्यांनी भैय्याजींच्या पायावर डोकंच ठेवलं.

"माय, शांत होय वं!"

खरं सांगायचं तर भैय्याजींना बरं वाटलं. दुकानात त्यांच्याशी इतक्या मानानं कोणी बोलत नव्हतं!

पण सुलोचनाबाई म्हणाल्या, "रोहण्याले फोन करतो मी. येऊ नका म्हणतो. माता घरात असतानी सोयरीक बोलत नाईत."

दारात उभ्या मयुरीचा चेहरा उतरला. "आई, ते पुढच्या रविवारी हिंगणघाटची पोरगी पाहाले चालले."

खरं सांगून टाकावं म्हणून भैय्याजींनी तोंड उघडलं, तर समोर अनुसयाबाई! म्हणजे संध्याकाळच्या आत साऱ्या जाममध्ये बोभाटा! मग तोंडातून भलतंच निघालं.

"पाव्हण्याइले येऊ दे! माय खुश हाय!"

"कौल देल्ला मायनं!" अनुसयाबाईंनी पुन्हा लोटांगण घातलं. मग काय विचारता! दिवसभर रांग. कोणाची म्हैस आटली, कोणाच्या पोराची नोकरी अडली. भैय्याजी सगळ्यांना एकच सांगत, "होईन, होईन!"

रविवारी पाहुणे आले. दाराशी कडुलिंबाच्या पाण्यानं पाय धुतले, बिनफोडणीचं वरणही बिनबोभाट जेवले. मयुरी पसंत पडली! मग मुलाचे वडील नानाजी दर्शनाला आत आले आणि हात जोडून उभे राहिले.

"माय, लेकरांवर नजर ठेव." मग सुलोचनाबाईंकडे वळून म्हणाले, "आजोबाइच्या चेहऱ्यावर काय तेज हाय जी! आमच्याकडून पक्कं समजा. फक्त पोरीच्या बाबाची भेट नाई झाली. कुठी गेले ते?"

भैय्याजी ताडकन उठायला लागले. सुलोचनाबाईंनी खांद्याला धरून त्यांना परत निजवलं आणि उशीखालून डोकावणारी नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या मलमाची ट्यूब हळूच आत सरकवली.

"ते ना?" त्या म्हणाल्या. "ते नागपूरले गेले, माल आणाले!"

भैय्याजींनी तोंडावर चादर ओढून घेतली. सोयरीक तर जमली. आता मांडवात बाप म्हणून उभं राहायचं की आजोबा म्हणून, एवढंच काय ते बायकोला विचारायचं उरलं होतं.